शिक्षण-सल्ला : मिळालेली मदत चालू ठेवताना

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच काळजीची आहेत. मुलाला किंवा मुलीला शिक्षणासाठी मदत मिळाली, त्या वेळी घरात आनंद झाला, परंतु पुढच्या वर्षी ती मदत कोणत्या अटीवर चालू राहणार आहे, हे मदत थांबेपर्यंत कोणी वाचलेच नव्हते. बडोद्याच्या अनेक मराठी कुटुंबांतील एखादी शाखा अमेरिकेत स्थायिक झालेली असल्यामुळे त्यांपैकी काही प्रश्न तिकडचे आहेत, काही आपल्या शहरातले आहेत. त्यांतील चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीतील एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. ती अमेरिकेची नागरिक असून तिला पेल ग्रँट (तेथील सरकारची, परत न करावी लागणारी मदत) आणि तेथील सरकारचे विद्यार्थी-कर्ज मिळते. पहिल्या वर्षी तिने तीस क्रेडिटांचे (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजण्याचे एकक) विषय घेतले होते, त्यांपैकी चोवीस पुरे झाले. एका विषयात ती नापास झाली व एक तिने सोडला. गेल्या सत्रात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे पाचपैकी चार विषय अर्ध्यावर सोडावे लागले. उरलेल्या विषयात तिला ‘ए’ श्रेणी मिळाली आणि तिचा जीपीए, म्हणजे गुणांची चारपैकी सरासरी, आता २.८ आहे. असे असताना तिची ‘शैक्षणिक प्रगती समाधानकारक नाही’ अशी वॉर्निंग विद्यापीठाकडून आली आहे. गुण चांगले असताना प्रगती असमाधानकारक कशी ठरते? संकटात सापडलेल्या मुलीच्या मदतीला अशी अट लावणे मला उचित वाटत नाही. मी स्वतः विद्यापीठाला दूरध्वनी करावा काय?
— एक आजोबा, दांडिया बाजार

उत्तर : आपली व्यथा मी समजू शकतो, आणि प्रथम एक दिलासा देतो : आपल्या नातीची मदत अद्याप बंद झालेली नाही. वॉर्निंग मिळालेल्या विद्यार्थ्याला पुढील एका सत्रापुरती मदत कोणताही अर्ज न करता मिळत राहते. मात्र त्या सत्राच्या अखेरीस हिशेब पुन्हा केला जाईल आणि तो जमला नाही तर मदत थांबेल. त्यामुळे येते सत्र तिच्यासाठी महत्त्वाचे आहे, आणि ते कसे आखावे याचा विचार आजच करावा लागेल.

अमेरिकेच्या संघीय सरकारची मदत, मग ती पेल ग्रँट असो, सरकारी कर्ज असो किंवा वर्क-स्टडी योजनेखाली शिकता शिकता केलेले पगारी काम असो, चालू राहण्यासाठी विद्यार्थ्याने ‘सॅटिसफॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस’ राखावी लागते. विद्यापीठांच्या पत्रव्यवहारात तिला थोडक्यात ‘सॅप’ म्हणतात. हिची चाचणी तीन बाजूंनी होते. पहिली बाजू गुणांची. दोन वर्षांहून मोठ्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सरासरी किमान ‘सी’, म्हणजे सर्वसाधारणपणे चारपैकी दोन जीपीए, असावी लागते किंवा पदवीसाठी विद्यापीठाला जी सरासरी लागते तिच्याशी ती सुसंगत असावी लागते. या बाजूने आपली नात सुरक्षित आहे. दुसरी बाजू गतीची, आणि तिचे घोडे येथेच अडले आहे. तिसरी बाजू एकूण कालमर्यादेची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

गतीचा हिशेब असा आहे की आजवर जितक्या क्रेडिटांचे विषय घेतले, त्यांतील किती क्रेडिट प्रत्यक्ष पदरात पडले, याचे प्रमाण काढायचे; बहुसंख्य विद्यापीठांत ते सुमारे ६७ टक्क्यांच्या खाली जाऊन चालत नाही. सोडलेल्या विषयापुढे गुणपत्रिकेत ‘डब्ल्यू’ लिहिले जाते. या ‘डब्ल्यू’चा जीपीएवर काहीही परिणाम होत नाही, म्हणून मुलांना तो निरुपद्रवी वाटतो, परंतु गतीच्या हिशेबात तो बहुतेक ठिकाणी ‘घेतला, पण पुरा केला नाही’ असाच मोजला जातो. नापास झालेला विषयही तसाच मोजला जातो. आपल्या नातीने पहिल्या वर्षी ३० आणि गेल्या सत्रात पाच विषयांची, प्रत्येकी तीनप्रमाणे, १५ अशी एकूण ४५ क्रेडिट घेतली, त्यांपैकी २४ आणि ३ मिळून २७ पुरी केली. हे प्रमाण ६० टक्के होते. गुण चांगले असूनही पत्र का आले, याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

आता येत्या सत्राचा विचार करू. तिने १५ क्रेडिट घेऊन सर्व पुरी केली, तर ६० पैकी ४२, म्हणजे ७० टक्के होतात आणि ती अटीत बसते. तिने १२ क्रेडिटच घेतली आणि सर्व पुरी केली, तर ५७ पैकी ३९, म्हणजे ६८ टक्क्यांहून थोडे अधिक होतात. तेव्हाही ती बसते. परंतु मागे पडल्याच्या धास्तीने तिने १५ घेतली आणि त्यांतील एक विषय सोडावा लागला, तर ६० पैकी ३९, म्हणजे ६५ टक्केच होतात आणि मदत थांबते. पुऱ्या केलेल्या क्रेडिटांची संख्या दोन्ही वेळी तीच असूनही निकाल उलटा लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच सत्रात तिने १२ क्रेडिटांवर समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला १२ क्रेडिटांवर पूर्णवेळ समजले जाते व पेल ग्रँटची रक्कमही त्यामुळे घटत नाही. पदवीला थोडा अधिक वेळ लागेल, परंतु एका सत्राचा उशीर आणि मदतच बंद होणे यांत फार मोठे अंतर आहे.

विषय सोडण्याचा दिवसही महत्त्वाचा असतो. सत्राच्या आरंभी काही दिवस विषय बदलण्याची मोकळीक असते. त्या मुदतीत काढून टाकलेला विषय ‘घेतलेल्या’ विषयांत सहसा धरला जात नाही. ती मुदत टळली की ‘डब्ल्यू’ची नोंद होते. शिवाय सत्राचा ६० टक्के काळ लोटण्यापूर्वी विद्यार्थ्याने सर्वच विषय सोडले, तर त्या सत्रासाठी मिळालेल्या मदतीचा काही भाग परत करावा लागतो आणि विद्यापीठाचे देणे अंगावर येते. आपल्या नातीने त्या आजारपणातही एक विषय नेटाने पुरा केला, त्यामुळे हा दुसरा फटका तिला बसला नाही. याबद्दल तिचे मनापासून कौतुक वाटते.

तिसरी अट कालमर्यादेची. अभ्यासक्रमाच्या जाहीर लांबीच्या दीडपटीहून अधिक प्रयत्नांना संघीय मदत मिळत नाही. १२० क्रेडिटांची पदवी असेल, तर घेतलेल्या क्रेडिटांची मर्यादा १८० होते. ही मर्यादा १८१ व्या क्रेडिटालाच लागू होते, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक, उरलेल्या मर्यादेत पदवी पुरी होणे अशक्य आहे असे हिशेबावरून दिसले की मदत त्याच क्षणी थांबते. समजा, एखाद्याने १३५ क्रेडिट घेऊन ७० पुरी केली असतील, तर त्याला अजून ५० हवीत आणि १३५ अधिक ५० म्हणजे १८५ होतात; त्याची पात्रता आजच संपलेली आहे. नापास झालेला विषय पुन्हा घेतला, तर त्याची क्रेडिट पुन्हा एकदा ‘घेतलेल्या’ खात्यात जमा होतात. ज्या सत्रात मदत घेतली नव्हती, त्या सत्रातील विषयही या मोजणीत धरले जातात.

अट लावणे उचित की अनुचित, याविषयी मात्र मी आपल्याशी नम्रपणे असहमत आहे. सार्वजनिक पैशातून दिलेल्या मदतीला अट असणे आपल्या बडोद्याला तरी अपरिचित नाही. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बडोदे संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हाही शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार तिच्याबरोबर होताच. माझा आक्षेप वेगळा आहे. ही अट विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी, त्याच्या गुणपत्रिकेतील आकडे घालून, समजावून सांगितली पाहिजे. ती संकेतस्थळावरील एका लांबलचक पानात राहते आणि अठरा वर्षांच्या मुलीपर्यंत प्रथम वॉर्निंगच्या रूपाने पोहोचते, हे मला अन्यायाचे वाटते.

राहिला दूरध्वनीचा प्रश्न. १९७४ च्या एका कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या नोंदींवर त्याचा स्वतःचा अधिकार असतो, आणि त्याच्या लेखी संमतीवाचून विद्यापीठ आजी-आजोबांशी त्या नोंदींविषयी बोलणार नाही. म्हणून फोन तिनेच करावा. मदत कार्यालयाला तिने तीनच गोष्टी विचाराव्यात : विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे घेतलेली व पुरी झालेली क्रेडिट किती, आवश्यक प्रमाण नेमके किती टक्के, आणि येत्या सत्रात निवडलेले विषय पुरे झाले तर ते प्रमाण किती होईल. आपण तिला वरील भागाकार समजावून सांगितलात, तर विद्यापीठाला केलेल्या कोणत्याही फोनपेक्षा तिला त्याचा अधिक उपयोग होईल.

प्रश्न : माझा भाचा टेक्सासमध्ये शिकतो. तो ग्रीन कार्डधारक आहे. त्याच्या वडिलांची नोकरी गेल्यामुळे तो वर्षभर एका गोदामात रात्रपाळी करीत होता. दोन सत्रांत मिळून पाच विषयांत तो नापास झाला आणि आता त्याची मदत बंद करण्यात आली आहे. अपील करता येते असे विद्यापीठाने कळवले आहे. एका परिचितांनी असे सुचवले की उन्हाळ्यात तो बडोद्याला आला होता, तेव्हा तो गंभीर आजारी होता असे येथील एखाद्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे, म्हणजे अपील नक्की मंजूर होईल. माझ्या मनाला हे पटत नाही. काय करावे?
— एक मावशी, कारेलीबाग

उत्तर : आपल्या मनाला पटत नाही तेच योग्य आहे, आणि कृपया या सूचनेला घरात कोणीही थारा देऊ नये. फसवणूक करून संघीय मदत मिळवणे हा अमेरिकी कायद्याने गुन्हा आहे. खोटे प्रमाणपत्र उघड झाले तर मदत जाईलच, शिवाय विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई होऊन मुलाचा प्रवेशही धोक्यात येईल. सुट्टीत आलेल्या आजाराने सत्रातील नापाशी कशी झाली, हे अपील तपासणाऱ्या समितीतील कोणीही पहिल्या वाचनात विचारील.

मुख्य म्हणजे त्या खोट्याची गरजच नाही. संघीय नियमात अपिलाची कारणे म्हणून नातेवाइकाचा मृत्यू आणि विद्यार्थ्याचे आजारपण किंवा दुखापत यांबरोबर ‘अन्य विशेष परिस्थिती’ही धरलेली आहे. वडिलांची नोकरी जाणे आणि घर चालवण्यासाठी मुलाला रात्रपाळी करावी लागणे, हे कारण या शेवटच्या प्रकारात सांगता येण्यासारखे आहे. ते मान्य करावे की नाही हे विद्यापीठ ठरवते, म्हणून निकालाची हमी कोणीही देऊ नये. परंतु खरे कारण भक्कम असताना त्याच्यावर खोट्याचा थर चढवणे म्हणजे आपल्याच हाताने ते दुबळे करणे होय.

अपिलात दोन गोष्टी सांगाव्या लागतात : प्रगती का राखता आली नाही, आणि आता असे काय बदलले आहे की पुढच्या तपासणीत ती राखता येईल. मी वाचलेल्या बहुतेक अर्जांत पहिल्या गोष्टीला दीड पान दिलेले असते आणि दुसरीला ‘यापुढे मी खूप कष्ट करीन’ एवढे एक वाक्य. समितीला मुलाच्या दुःखाची जाणीव करून देणे आवश्यक आहेच, पण तिला निर्णय घ्यायचा असतो तो दुसऱ्या भागावरून. वडिलांना नवीन काम मिळाले काय? भाच्याने रात्रपाळी सोडली काय, किंवा आठवड्याचे तास किती कमी केले? नापास झालेल्या विषयांपैकी कोणते तो आधी पुन्हा घेणार आहे, आणि त्यासाठी विद्यापीठातील शिकवणी केंद्रात त्याने नाव नोंदवले आहे काय? याची उत्तरे तारखांसह व आकड्यांसह लिहावीत. सोबत वडिलांच्या नोकरीच्या समाप्तीचे पत्र, गोदामाच्या पगारपावत्या, नवीन कामाचे वेळापत्रक आणि शक्य झाल्यास शैक्षणिक सल्लागाराचे पत्र जोडावे. पत्र भाच्याने स्वतः, स्वतःच्या भाषेत लिहावे. मोठ्यांनी फक्त वाचून पाहावे.

अपील मंजूर झाले तर त्याला एका सत्रापुरते ‘प्रोबेशन’वर, म्हणजे देखरेखीखाली, ठेवून मदत पुन्हा सुरू होते. एका सत्रात प्रमाण भरून येणे शक्य नसेल, तर विद्यापीठ त्याच्यासाठी सत्रवार शैक्षणिक योजना आखून देते आणि ती पाळली जात आहे तोपर्यंत मदत चालू राहते. पाच विषय बुडालेल्या मुलाला बहुधा या योजनेचीच गरज पडेल, म्हणून अर्ज करण्यापूर्वीच सल्लागाराबरोबर बसून ती तयार करून घेतली, तर अपिलाला चांगले बळ मिळेल.

या संदर्भात आणखी एक समज दूर केला पाहिजे. ‘एक सत्र घरी बसू, मग मदत आपोआप सुरू होईल’ असे सल्ले सर्रास दिले जातात. घरी बसल्याने ना घेतलेली क्रेडिट कमी होतात, ना पुरी झालेली वाढतात; प्रमाण होते तेथेच राहते. अपील नामंजूर झाले, तर स्वखर्चाने, परवडतील तेवढेच विषय घेऊन ते पुरे करणे आणि प्रमाण अटीत आणणे हाच मार्ग उरतो. निर्णय येईपर्यंत मदत मिळेलच असे गृहीत धरून त्याने भरमसाट विषय घेऊ नयेत, कारण नकार आल्यास त्यांची फी त्यालाच भरावी लागेल. फी हप्त्यांनी भरण्याची सोय आहे काय, हे त्याने आताच विचारून ठेवावे.

प्रश्न : माझा मुलगा एम.एस.साठी अमेरिकेला एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जात आहे. त्याला तिकडे पेल ग्रँट किंवा सरकारी कर्ज मिळू शकेल काय? ‘सॅप’चे नियम त्याला लागू होतील काय?
— एक वाचक, सुभानपुरा

उत्तर : नाही. संघीय मदत तेथील नागरिकांसाठी, ग्रीन कार्डधारकांसाठी आणि काही ठरावीक प्रकारच्या अन्य रहिवाशांसाठी असते. एफ-१ विद्यार्थी त्यांत बसत नाही. पेल ग्रँट तर मुळात पदवीपूर्व शिक्षणासाठी आहे. आपल्या मुलाला विद्यापीठाने स्वतःची शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप (अध्यापनात किंवा संशोधनात साहाय्य करण्याच्या बदल्यात मिळणारी मदत) देऊ केली असेल, तर तिची अट त्या प्रस्तावपत्रातच दिलेली असते, आणि पदव्युत्तर स्तरावर पुष्कळ ठिकाणी चारपैकी तीन जीपीए मागितला जातो. ते पत्र त्याने निघण्यापूर्वी आपल्यासमोर बसून ओळीनओळ वाचावे.

विषय सोडण्याच्या बाबतीत मात्र त्याला नागरिक विद्यार्थ्यापेक्षाही अधिक सावध राहावे लागेल. एफ-१ विद्यार्थ्याने पूर्णवेळ अभ्यासक्रम चालू ठेवणे बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयातील अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी न घेता तो पूर्णवेळ मर्यादेच्या खाली गेला, तर त्याचा तेथील कायदेशीर दर्जाच संपुष्टात येऊ शकतो. येथील बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले असल्यास पुढील हप्ता सोडण्यापूर्वी बँक सामान्यतः मागील सत्राची गुणपत्रिका मागते, तेव्हा प्रत्येक गुणपत्रिका वेळेवर पाठवण्याची सवय त्याला आतापासून लावावी.

प्रश्न : माझ्या मुलीला बारावीच्या गुणांवर केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती मिळाली. महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी तिला ५८ टक्के गुण मिळाले. दुसऱ्या वर्षाची रक्कम आपोआप जमा होईल ना? गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेचा लाभही तिने सोबत घ्यावा काय?
— एक पालक, मकरपुरा

उत्तर : आपोआप जमा होणार नाही. या शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दर वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करून घ्यावे लागते आणि त्या अर्जाची पडताळणी शिक्षणसंस्थेकडून व्हावी लागते. मुलीने अर्ज भरला, परंतु संस्थेच्या स्तरावर तो पडून राहिला, तर मुदत उलटून जाते. म्हणून अर्ज भरल्यानंतर फॅकल्टीच्या कार्यालयात जाऊन पडताळणी झाल्याची खात्री तिने स्वतः करून घ्यावी. पदवीच्या वर्षांत मिळणारी १२,००० रुपयांची वार्षिक रक्कम थेट विद्यार्थिनीच्या बँक खात्यात येते, त्यामुळे ते खाते आधारशी जोडलेले व चालू स्थितीत असले पाहिजे.

नूतनीकरणासाठी वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि किमान ७५ टक्के उपस्थिती लागते. गुणांची अट आपल्या मुलीने पार केली आहे. उपस्थितीविषयी आपण काहीच लिहिलेले नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याच गोष्टीची. वाणिज्य शाखेतील पुष्कळ मुले सकाळी खासगी शिकवणीला जातात आणि वर्गाकडे दुर्लक्ष करतात; परीक्षेतील गुण चांगले असल्याने आपण पात्रच आहोत, असे त्यांना वाटत राहते. उपस्थितीचा आकडा तिने वर्षअखेरची वाट न पाहता प्रत्येक सत्रात विचारून घ्यावा, आणि आजारपणामुळे गैरहजर राहावे लागले तर वैद्यकीय कागद त्याच आठवड्यात कार्यालयात जमा करावेत. रॅगिंगसारख्या बेशिस्तीची तक्रार सिद्ध झाल्यासही ही शिष्यवृत्ती जाते.

दोन्ही योजनांचा लाभ एकाच वेळी घेऊ नये. केंद्राची ही शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याची दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेता येत नाही. युवा स्वावलंबन योजनेच्या नूतनीकरणालाही ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थितीची अट आहे, त्यामुळे अटींच्या दृष्टीने दोहोंत फरक पडत नाही. तिच्या अभ्यासक्रमाच्या वार्षिक फीचा आकडा समोर ठेवून कोणत्या योजनेतून अधिक रक्कम हाती येते ते पाहावे, आणि त्याप्रमाणे एकाच योजनेचा अर्ज मुदतीच्या आत भरावा.